एक सांगाडा, तीन पांघरुणं : गच्चीवरच्या भाजीच्या वाफ्यासाठी घरगुती संरक्षण

गच्चीवर वाफा केला, माती भरली, मेथी-कोथिंबीर उगवून आली, की लगेच सगळ्यांची नजर तिकडे वळते. सकाळी कबुतरं, दुपारी खार, रात्री पतंग. त्यात एप्रिलचं ऊन आणि जुलैची झड. मग घाईघाईने हिरवी शेडनेट आणली जाते, चार काठ्या उभ्या करून वर ताणली जाते आणि वर्षभर तशीच राहते. उन्हाळ्यात रोपं तिच्याखाली तगतात. पावसाळ्यात मात्र त्याच जाळीखाली मिरची काटकुळी वाढते आणि फुलं धरत नाहीत. अळी तर येतच राहते, कारण शेडनेटच्या भोकातून पतंग सहज आत शिरतो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सांगाडा एकदाच नीट करा आणि त्यावरचं पांघरूण हंगामाप्रमाणे बदला. किडीसाठी एक, उन्हासाठी दुसरं, पावसासाठी तिसरं. हा खर्च एकदाच होतो आणि काम सुट्टीच्या एका दिवसात उरकतं. पुढची काही वर्षं फक्त कापड काढ-घाल करायची.

आधी नुकसान कोण करतंय ते बघा

जाळी विकत घेण्याआधी चार-पाच दिवस वाफ्याकडे बारकाईने बघा. पानांना भोकं आणि जवळ काळपट लेंड्या दिसल्या तर अळी आहे. ती पतंगाने घातलेल्या अंड्यातून आली आहे, म्हणजे बारीक जाळीने काम होईल. कोवळी रोपं उपटून बाजूला पडलेली असतील तर कबुतरं किंवा साळुंक्या. पिकायला आलेला टोमॅटो अर्धवट खाल्लेला असेल तर खार, उंदीर किंवा बुलबुल. माती उकरलेली आणि वास येत असेल तर मांजर. तिच्यासाठी मोठं पांघरूण लागत नाही, कोंबडी जाळीचा तुकडा मातीवर आडवा पसरला की ती दुसरी जागा शोधते.

रोप जमिनीलगत कापून पडलेलं दिसलं तर सावध व्हा. रोपं कातरणारी अळी दिवसा मातीतच लपलेली असते आणि वरची कुठलीही जाळी तिला अडवत नाही. रोपाभोवतीची इंचभर माती उकरून तिला हाताने वेचावं लागतं. पावसाळ्यातली गोगलगायही जाळीच्या कडेखालून आत येते आणि आतला दमटपणा तिला आवडतो. तिच्यासाठी रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारायला पर्याय नाही.

तीन कापडं आणि त्यांचं काम

किडीसाठी कीटकरोधक जाळी मिळते, दुकानात तिला इन्सेक्ट नेट म्हणतात. ती ‘मेश’वर विकली जाते. ४० मेश म्हणजे एका इंचात ४० धागे. वांग्याची शेंडे आणि फळं पोखरणारी अळी, कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग, घाटे अळी या सगळ्यांचे पतंग ४० मेशला अडतात. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा आणि मिरचीवर बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आणणारा विषाणू पसरवते ती पांढरी माशी. ती फार लहान असते, तिच्यासाठी ५० मेश जास्त भरवशाची. फुलकिडे याहून बारीक. त्यांना अडवेल इतकी घट्ट जाळी आपल्या उन्हात रोपांचा जीव घुसमटवते, म्हणून तो हट्ट धरू नये. रंग पांढराच घ्या, उजेड जास्त मिळतो.

उन्हासाठी शेडनेट. ३५, ५०, ७५, ९० असे टक्के तिच्यावर लिहिलेले असतात. ५० टक्के म्हणजे निम्मं ऊन अडतं. भाजीसाठी ३५ किंवा ५० पुरे. ७५ आणि ९० टक्क्यांची जाळी गाड्या झाकायला आणि सावलीतल्या शोभेच्या झाडांना ठीक, फळभाजीला नको.

पावसासाठी पॉलिहाउसचा २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद, अतिनील किरणांना टिकणारा. घर झाकायला वापरतात ते निळं ताडपत्रीचं प्लास्टिक घेऊ नका, त्यातून उजेड पुरेसा जात नाही.

या तिघांखेरीज एक स्वस्त कापड आहे, ते म्हणजे क्रॉप कव्हर. पांढरं, न विणलेलं, १७ ते २० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं). कलिंगड-खरबुजाचे शेतकरी लागवडीनंतर तारेच्या कमानींवर हेच पसरतात आणि फुलं यायला लागली की काढतात. गच्चीवर रोपं लहान असतानाच्या तीन-चार आठवड्यांसाठी ते उत्तम. पावसाळी वाऱ्यात मात्र फाटतं.

आणि जुनी साडी? सोलापूरकडे डाळिंबाच्या बागांवर उन्हापासून बचावासाठी साड्या पसरलेल्या असतात, त्यामागे अनुभव आहे. सिंथेटिक साडी सावलीसाठी चालते. सुती साडी भिजली की जड होऊन कमानी वाकवते. एक उन्हाळा साडीवर काढून मग शेडनेट घ्यायची, असं कुणी ठरवलं तर मी अडवणार नाही.

सांगाडा

इथे ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि साधारण १ फूट उंच वाफा धरला आहे. बाजू विटांच्या असोत किंवा लाकडी फळ्यांच्या, पद्धत तीच. रुंदी याहून जास्त असेल तर आधी वाफाच अरुंद करा, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला नाही तर कुठलंही पांघरूण डोकेदुखी होतं.

लागणारं सामान :

- वीजकामाचा २० मिमी पीव्हीसी पाइप, मध्यम जाडीचा, ३ मीटरचे ४ नग
- २५ मिमीचा तसाच पाइप, १ नग
- २५ मिमीचे सॅडल (पाइप भिंतीला पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या) १६, त्यांचे स्क्रू, विटांसाठी प्लग
- २० मिमीचा कपलर १
- काळे केबल टाय
- हॅकसॉ, सँडपेपर, मोजपट्टी, ड्रिल

पाइप हलका घेऊ नका, वाकवताना मुडपतो. केबल टाय काळेच घ्या, पांढरे उन्हाने काही महिन्यांतच कडकडून तुटतात.

२५ मिमीच्या पाइपाचे २५ सेंमी लांबीचे ८ तुकडे करा. या कमानी बसवायच्या नळ्या. वाफ्याच्या लांब बाजूंना बाहेरून, प्रत्येकी चार, दोन-दोन फुटांवर त्या उभ्या बसवा. पहिली आणि शेवटची अगदी कोपऱ्याशी. नळीचं वरचं तोंड वाफ्याच्या काठाच्या बरोबरीने यावं. प्रत्येक नळीला दोन सॅडल. मग वरच्या तोंडापासून ८ सेंमी खाली नळीत आडवा स्क्रू घाला, म्हणजे कमान त्याच्यावर टेकेल आणि खाली सरकणार नाही.

अनेकजण सळया मातीत खोचून त्यांवर पाइप चढवतात. शेतात ते ठीक आहे. गच्चीवर मात्र सळईचं टोक वाफ्याच्या तळाचं प्लास्टिक आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग भोसकू शकतं. ते गळायला लागलं की खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध बिघडतात आणि वाफाही उचलावा लागतो. स्लॅबला ड्रिल तर कधीच लावू नका, अगदी एका भोकासाठीसुद्धा. कठड्यालाही नको.

आता २० मिमीचे पाइप. प्रत्येकाचा २.१ मीटरचा तुकडा कापा, ती झाली कमान. उरले ९० सेंमीचे चार तुकडे. त्यातले दोन कपलरने जोडले की १.८ मीटर, म्हणजे वाफ्याइतकी लांब मध्यदांडी तयार होते. राहिलेल्या दोन तुकड्यांच्या क्लिपा होतील. कापलेली प्रत्येक कड सँडपेपरने गुळगुळीत करा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात जाळी तिथून फाटेल.

कमान एका बाजूच्या नळीत घाला, हळूहळू वाकवत दुसऱ्या बाजूला आणा आणि सोडा. हे काम दुपारी करा, उन्हात तापलेला पाइप सहज वळतो. हिवाळ्याच्या सकाळी तोच तडकतो. चारही कमानी बसल्या की त्यांची उंची मातीपासून सव्वादोन फुटांच्या आसपास येईल. पालेभाज्या, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मिरची आणि बुटकं वांगं यांना ती पुरते. मध्यदांडी कमानींच्या आतून, माथ्याला लावून केबल टायने बांधा. गाठीची टोकं आतल्या बाजूला वळवा. ही दांडी टाळू नका. ती नसेल तर कमानी वाऱ्यात एकमेकींकडे कलतात आणि पावसाचं पाणी कमानींच्या मध्ये साठतं.

शेवटी पाइपांना बाहेरून पांढरा रंग द्या. पाइप उन्हात तापतो आणि जिथे टेकतो तिथेच प्लास्टिकचा कागद आधी विरतो. रंगाने पाइप कमी तापतो आणि त्याचंही आयुष्य वाढतं.

क्लिपांसाठी उरलेल्या पाइपाचे ३ इंची तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या लांबीतून बोटभर रुंदीची पट्टी कापून काढा. उरलेला भाग कमानीवर जाळीसकट दाबला की चपकन बसतो. या क्लिपांच्या कडाही घासायच्या.

पांघरूण कापणं आणि कड बंद करणं

या मापाच्या सांगाड्याला ८ फूट रुंद आणि १२ फूट लांब कापड लागतं. हिशोब असा : कमानीवरून जाणारी लांबी साडेसहा फुटांच्या आत आहे, अधिक दोन्ही बाजूंना वाफ्याच्या भिंतीवरून खाली यायला पाऊण-पाऊण फूट. लांबीत वाफ्याचे ६ फूट, अधिक दोन्ही टोकं झाकून खाली पोचायला तीन-तीन फूट. वाफा वेगळ्या मापाचा असेल तर दोरी घेऊन प्रत्यक्ष कमानीवरून मोजा, कागदावरच्या गणितापेक्षा ते खात्रीचं.

जाळीची कड दुहेरी दुमडून शिवून घ्या. शेजारच्या टेलरकडे नायलॉनचा दोरा देऊन काम होतं. कडेला जुन्या साडीचा काठ लावला तर दोरीसाठी भोकं पाडायलाही मजबूत जागा मिळते. दोन्ही लांब कडांत बांबूची कामटी किंवा बारीक बांबू घालता येईल अशी खोळ शिवा. एक लांब कड वाफ्याच्या एका बाजूला कायमची बांधायची, दुसरी मोकळी. वाफ्यात काम करायचं असेल तेव्हा मोकळ्या कडेचा बांबू धरून जाळी चटईसारखी गुंडाळत माथ्यापर्यंत न्यायची आणि तिथे दोन दोऱ्यांनी अडकवायची. भाजी तोडताना एक हात जाळी धरायला गुंतला, की माणूस पंधरा दिवसांत जाळी लावणंच सोडून देतो. म्हणून या एका सोयीवर वेळ घालवा.

मोकळी कड खाली घट्ट बसायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापा. वाफ्याच्या भिंतीला खाली स्क्रू, बांबूला ट्यूबची रिंग, ओढून अडकवली की झालं. दोन्ही टोकांना जाळीची मोट बांधा आणि दोरी वाफ्याच्या पायथ्याला आवळा. कीटकरोधक जाळीत बोटभर फट राहिली तरी तिचा उपयोग संपला, पतंग तेवढ्यातून जातो. वजन म्हणून विटा वाफ्याच्या पायथ्याशी ठेवल्या तर हरकत नाही. कठड्यावर किंवा सांगाड्याच्या वर दगड-वीट ठेवू नका. वाऱ्याने ती खाली रस्त्यावर पडू शकते.

हंगाम आणि बदल

हिवाळा हा कीटकरोधक जाळीचा हंगाम. ऑक्टोबरच्या अखेरीस रोपं लावली त्याच दिवशी जाळी चढवा. आठ दिवस थांबलात तर पतंग अंडी घालून गेलेला असतो आणि मग आपण अळीलाच संरक्षण देतो. लावण्याआधी प्रत्येक रोपाची पानं उलटून बघा, अंडी किंवा मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर बोटाने पुसून टाका. नाशिक-निफाडकडे पारा ५ अंशांजवळ येतो, तिथे रात्री जाळीवरून क्रॉप कव्हर टाकलं तर वांगी-मिरचीला थंडी कमी बाधते. सकाळी ऊन आलं की ते काढायचं.

फेब्रुवारी संपता संपता जाळीखाली उष्णता कोंडायला लागते. दुपारी जाळीच्या आत हात घालून बघा. बाहेरपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर दिवसा एक बाजू गुंडाळून ठेवा. मार्चच्या मध्यापासून शेडनेट. ती कमानींवर चिकटून टाकण्यापेक्षा फूटभर वर, चार बांबूंवर ताणली तर मधून वारा खेळतो. बांबू विटांच्या वजनावर किंवा रेतीने भरलेल्या डब्यांत उभे करा. सगळीकडून झाकायची गरज नसते. माथा आणि पश्चिमेची बाजू झाका, पूर्व मोकळी सोडा. सकाळचं ऊन रोपांना हवंच असतं, त्रास दुपारनंतरच्या उन्हाचा असतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे ५० टक्के घ्या. पुणे-नाशिकला ३५ पुरते. कोकणपट्टीत ऊन सौम्य पण दमटपणा जास्त, म्हणून तिथे वारा अडणार नाही हे आधी बघायचं.

एप्रिल-मेमधला वळीव हा या सगळ्या बांधकामाची परीक्षा घेतो. आभाळ भरून आलं, वारा पडला आणि उकाडा वाढला की लगेच वर जाऊन शेडनेट एका बाजूने सोडा. ताणलेलं कापड वारा धरतं, सुटलेलं कापड फडफडतं पण सांगाडा वाचतो.

पहिला चांगला पाऊस झाला की शेडनेट काढून ठेवा. जून ते सप्टेंबर आभाळच सावली धरतं. पावसाचा कागद सगळ्या पिकांना लागत नाही. अळू, अंबाडी, भेंडी, वेलभाज्या पावसात खूश असतात. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो आणि सगळी लहान रोपं यांना थेट सरींचा त्रास होतो : माती उडून पानांना लागते, करपा येतो, रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. मुंबई-कोकणात, जिथे एका पावसाळ्यात २,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, तिथे या पिकांसाठी कागद जवळजवळ अनिवार्य. पुण्यात रोपवाटिकेपुरता पुरतो.

कागद बसवताना खालचा फूटभर भाग दोन्ही बाजूंनी उघडा ठेवा आणि टोकंही मोकळी. तो फक्त छप्पर आहे. बंद केलात तर आत वाफ धरते आणि भुरी-केवड्यासारखे रोग फोफावतात. कागद वाफ्याच्या काठाबाहेर हातभर आला पाहिजे, म्हणजे पागोळ्या वाफ्यात न पडता गच्चीच्या उतारावर पडतील. मध्यदांडीवर घट्ट ताणा, पाणी साठलं तर ते खालून काठीने ढकलून द्या. आणि एक गोष्ट भर पावसात हमखास विसरली जाते : झाकलेल्या वाफ्याला पाणी घालावं लागतं. दोन दिवसांआड माती बोटाने तपासा.

ऑक्टोबरची उन्हं तापली तर पंधरा-वीस दिवस पुन्हा शेडनेट, मग हिवाळी जाळी. असं हे चक्र.

मधमाशीचा विचार

बंद जाळीत मधमाशी येत नाही, म्हणून पीक बघूनच जाळी लावा. पालेभाज्या, मुळा, गाजर, बीट, कोबी यांना फळ धरायचं नसतं, ती काढणीपर्यंत जाळीत राहू शकतात. टोमॅटो, मिरची, वांगं यांचं फूल स्वतःच्या परागावर फळतं. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान जाळीवरूनच खोडाला हलके टिचके मारले की पराग पडतो. हवेशीर दिवस असेल तर तेही आपोआप होतं.

काकडी, कारलं, दोडका, दुधी, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मधमाशी किंवा पतंगाविना त्यांना फळ धरत नाही. ही पिकं रोप असेपर्यंतच झाका, मादी फूल दिसलं की जाळी काढा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ती लगेच ओळखू येते. शहरात मधमाशी कमी असेल तर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावा. काकडी-कारल्याचं हे काम सकाळी, दोडका-दुधीचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं दिवस मावळताना उमलतात. फळमाशीसाठी मग सबंध वेल झाकण्याऐवजी धरलेल्या प्रत्येक फळाला पातळ कापडाची पिशवी बांधा.

भेंडी तर उंचच वाढते. तिला पहिला महिनाभर जाळीत ठेवा. विषाणू लहानपणी लागला तर झाड गेल्यातच जमा असतं, मोठेपणी लागला तरी काही तोडे हाती येतात.

जाळीच्या आत कीड आली तर

याची भीती बाळगायला हवी. बाहेर माव्याला खाणारे ढालकिडे असतात, आत त्यांना वाट नसते. म्हणून चुकून आत गेलेला मावा बाहेरच्यापेक्षा वेगाने वाढतो. आठवड्यातून एकदा जाळी पूर्ण उघडून पानांच्या खालच्या बाजू बघा. आत एक पिवळा चिकट सापळा टांगा, पांढरी माशी शिरली की तो आधी सांगतो. मावा दिसला तर पाण्याची जोरदार फवारणी, मग ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. फारच वाढला तर जाळी तीन-चार दिवस उघडी ठेवा, ढालकिडे स्वतः शोधत येतात. एकाच वाफ्यात दरवर्षी कोबीवर कोबी घेतलात तर मातीतले कोष जाळीच्या आतच उमलतील, तेव्हा पीक फिरवा.

उंदीर, खार आणि माकडं

यांच्यापुढे नायलॉन टिकत नाही. उंदीर-घुशी जाळी एका रात्रीत कुरतडतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे लोखंडी तारेची जाळी, वाफ्याच्या भोवती खालून दीड फुटापर्यंत लावा आणि वर नेहमीचं पांघरूण ठेवा. वाफा विटांवर उचललेला असेल तर तळालाही वेल्डमेश हवी, बीळ तिथूनच सुरू होतं.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणि डोंगरालगतच्या शहरी वस्त्यांत माकडं येतात, तिथे कमानीचा सांगाडा पुरत नाही. ती तो धरून हलवतात. लाकडी पट्ट्यांची किंवा लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यावर १ इंची वेल्डमेश ठोका, झाकण बिजागरीवर ठेवा आणि त्याला साधी कडी न लावता कुलपाची कोयंडा-कडी लावा. साधी कडी ती पाहून पाहून उघडतात.

पक्ष्यांसाठी मोठ्या भोकांची सैल नायलॉन जाळी कधीही टाकू नका. तिच्यात बुलबुल, खारी, साप अडकून तडफडून मरतात. ४० मेशची ताणलेली जाळी पक्ष्यांनाही पुरते आणि कुणाचा जीव जात नाही.

लहान जागा आणि साठवण

बाल्कनीतल्या कुंडीला एवढा खटाटोप नको. जाड जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) तारेच्या दोन कमानी कुंडीत आडव्या-उभ्या खोचा, वरून जाळीची पिशवी घाला आणि कुंडीच्या गळ्याला नाडी बांधा. ग्रो बॅगलाही हेच चालतं, फक्त तारेची टोकं वाकवून बोथट करा. मोठ्या वाफ्याच्या जाळीतून उरलेली पट्टी इथे कामी येते.

हंगाम संपल्यावर काढलेलं कापड सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवा. कीटकरोधक जाळीची भोकं धुळीने बुजतात आणि मग उजेड-वारा दोन्ही कमी होतात, म्हणून तिला हंगामाच्या मध्येही एकदा पाइपच्या पाण्याने धुवावं. गुंडाळी करून वर पीक, मेश आणि माप लिहिलेली चिठ्ठी बांधा. उंदरांपासून लांब, झाकण असलेल्या डब्यात ठेवा. लहान भोक पडलं असेल तर ठेवण्याआधीच त्याच जाळीचा तुकडा लावून शिवून टाका, कारण पुढच्या वेळी लावायची घाई असते आणि तेव्हा ते राहून जातं.